संकटात स्तुती कशी करावी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. दुःख समोर उभे असताना देवावर धैर्याने विसंबून त्याची स्तुती करणे म्हणजे नेमके काय, आणि ते प्रामाणिकपणे जमते का, असे त्यांत विचारले आहे. म्हणून इतर विषय पुढच्या अंकासाठी ठेवून हा संपूर्ण स्तंभ याच प्रश्नाला दिला आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझे पती दीर्घकाळ अंथरुणाला खिळून आहेत. त्यांची नोकरी गेली आणि साठवलेले पैसे उपचारांत संपले. उपासनेत मी सर्वांबरोबर स्तुतिगीते गाते, पण आतून देवावर रागावलेली असते. मंडळीतील (चर्चमधील) एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या की, तक्रार करणे म्हणजे अविश्वास, विश्वासणाऱ्याने सदा आनंदी असले पाहिजे. मनात राग असताना ओठांनी स्तुती करणे हे ढोंग नाही का? मी गाणे थांबवावे का?

उत्तर : प्रिय भगिनी, गाणे थांबवू नका आणि राग लपवूही नका. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत असे तुम्हाला सांगितले गेले आहे, परंतु बायबलमधील ज्या ग्रंथातून आपण स्तुती करायला शिकतो त्या स्तोत्रसंहितेत त्या सतत एकत्र आढळतात. तिच्यातील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची किंवा गाऱ्हाण्याची आहेत, आणि ती एखाद्या कोपऱ्यात दडवलेली नसून उपासनेत सर्वांसमक्ष म्हणण्यासाठी दिलेली आहेत. 13वे स्तोत्र पाहा. अवघ्या सहा वचनांच्या या स्तोत्रात दावीद पहिल्या दोनच वचनांत चार वेळा परमेश्वराला विचारतो की, हे कोठवर चालणार. तू मला विसरलास का, तू तोंड फिरवलेस का, असे तो थेट त्यालाच म्हणतो. त्यानंतर मागणे येते आणि शेवटच्या दोन वचनांत भरवसा व गीत येते. मधल्या काळात त्याचा शत्रू हरला किंवा त्याचे दुखणे बरे झाले असे स्तोत्रात कोठेही म्हटलेले नाही. परिस्थिती आहे तशीच असताना तो गाऱ्हाण्यापासून स्तुतीपर्यंत पोहोचतो, आणि गाऱ्हाणे मांडल्यामुळेच पोहोचतो असे मला वाटते.

त्या ज्येष्ठ भगिनींच्या म्हणण्यात तथ्यच नाही असे मात्र नाही. अरण्यात इस्राएल लोकांनी केलेली कुरकुर शास्त्राने, म्हणजे बायबलने, दोषी ठरवली आहे. फरक इतकाच की, ते आपापल्या तंबूंत बसून देवाविषयी एकमेकांशी बोलत होते, तर स्तोत्रकर्ते तेच कडू शब्द घेऊन देवाकडे गेले. देवाला पाठ दाखवून केलेली तक्रार आणि त्याच्या तोंडावर केलेली तक्रार यांत मोठे अंतर आहे. ज्याच्याकडून आता कसलीही आशा उरलेली नाही, त्याच्या दारी जाऊन माणूस भांडत नाही. तुम्ही रागावूनही उपासनेला जाता, यातच तुमचा भरवसा दिसतो. तो तुम्हाला जाणवत नसला तरी आहे.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाऊ या, असे आवाहन आहे. हे धैर्य कोणाचे, तर ज्याला दया हवी आहे आणि अडचणीच्या वेळी साहाय्य हवे आहे त्याचे. सर्व काही ठीक असलेल्या, सावरलेल्या माणसाचे हे वर्णन नव्हे. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्ताने मोठ्या आक्रोशाने आणि अश्रूंनी प्रार्थना केल्याचा उल्लेख येतो. आपल्या बोलण्यात ‘धैर्यवान विश्वास’ म्हटले की कोरडे डोळे आणि खणखणीत आवाज गृहीत धरला जातो. शास्त्रात मात्र धैर्याने देवाजवळ जाणारे लोक पुष्कळदा रडत जातात.

या संदर्भात एका रात्रीकडे मी वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो, कारण ती आपण वाचतो पण थांबून पाहत नाही. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि त्याचे शिष्य गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असे मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात नोंदवले आहे. वल्हांडण या यहुदी सणाच्या भोजनात 113 ते 118 ही स्तुतीची स्तोत्रे म्हणण्याची यहुदी परंपरा आहे, त्यामुळे ते गीत त्यांपैकीच असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे परमेश्वराची दया सनातन आहे असे पुन्हा पुन्हा म्हणणारे 118वे स्तोत्र गाऊन तो बाहेर पडला असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यानंतर थोड्याच वेळात गेथशेमाने बागेत त्याने, माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे, असे सांगून हा प्याला टळावा म्हणून विनवणी केली. गीत आणि विनवणी एकाच रात्री, एकाच मुखातून आली. गीत खरे होते म्हणून विनवणी खोटी ठरत नाही, आणि विनवणीमुळे गीत ढोंग ठरत नाही. तुमच्या ओठांवर आणि मनात एकाच वेळी दोन गोष्टी असतील, तर तुम्ही वाईट संगतीत नाही.

ढोंग केव्हा होते तेही सांगितले पाहिजे. दुःख नाहीच असा आव आणणे, मंडळीत कोणी विचारले की हसून विषय टाळणे आणि प्रार्थनेतही देवाशी ठरावीक गोड शब्दांत बोलणे हे ढोंग आहे. म्हणून रविवारी गाणे गा आणि घरी आल्यावर जे म्हणायचे आहे ते त्याला उघडपणे म्हणा. स्तुती करताना आजाराची स्तुती करण्याची गरज नाही. पतीचा आजार चांगला आहे असे म्हणायला शास्त्राने तुम्हाला कोठेही सांगितलेले नाही. स्तुती होते ती देव जो आहे त्याबद्दल, आणि तो आजारात बदललेला नाही.

इतिहासातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. मार्टिन रिंकार्ट हा जर्मनीतील आयलेनबुर्ग या गावाचा पाळक होता. 1618 ते 1648 या तीस वर्षांच्या युद्धात त्या तटबंदीच्या गावात निर्वासितांची दाटी झाली आणि 1637 साली तेथे महामारी पसरली. त्या काळात त्याने हजारो लोकांचे दफनविधी पार पाडले, आणि मरण पावलेल्यांत त्याची पत्नीही होती. जर्मन मंडळ्यांत आजही गायले जाणारे उपकारस्तुतीचे एक गीत याच माणसाचे आहे. त्या गीताचे दुसरे कडवे लोक घाईत म्हणून जातात, पण ते सरळसरळ मागणे आहे : आम्हांला सर्व संकटांतून सोडव. आभार मानणाऱ्याला सुटकेची याचना करण्याची लाज वाटली नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावासाठी सर्व मंडळीने उपवास आणि प्रार्थना केल्या. तो बरा होईल याची आम्हांला खात्री होती, आम्ही तसे जाहीरपणे म्हणतही होतो. तो गेला. आता काही जण सुचवतात की, आमच्या घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला असावा किंवा काही पाप लपलेले असावे. यापुढे धैर्याने काही मागायचीच मला भीती वाटते.

उत्तर : तुमच्या भावाच्या निधनाबद्दल मनःपूर्वक सहानुभूती व्यक्त करतो. जे सुचवले गेले त्याला आधी उत्तर देतो, कारण ते शोकावर आणखी ओझे टाकणारे आहे. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले होते. पुष्कळ अध्याय त्यांनी देवाची बाजू घेऊन सुंदर भाषणे केली आणि शेवटी देवाने त्यांनाच ठपका ठेवला की, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसे. लक्षात घ्या, हा तोच ईयोब आहे ज्याने पहिल्या अध्यायात झगा फाडून, भूमीवर पडून देवाला नमन केले आणि तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे विचारले तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. जे त्याने नाकारले ते तुमच्या घरावर लादण्याचा अधिकार कोणालाही नाही.

राहिला प्रार्थनेचा प्रश्न. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय मी तुम्हाला सावकाश वाचायला सांगेन. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले, आणि त्यानंतर पेत्राला धरून तुरुंगात टाकले. पेत्र दूताच्या हातून आश्चर्यकारक रीतीने सुटला. मंडळी एकच, राजा एकच, देवही तोच. याकोबासाठी प्रार्थना झाली नसेल असे समजायला काहीही आधार नाही. याकोब का गेला आणि पेत्र का सुटला याचे स्पष्टीकरण त्या पुस्तकाचा लेखक लूक देत नाही, आणि मीही ते देऊ पाहणार नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, याकोबाचा विश्वास कमी होता असे पहिल्या मंडळीने कधीही म्हटल्याचे दिसत नाही. उलट पेत्र दार ठोठावत उभा होता तेव्हा प्रार्थना करणाऱ्यांचाच त्यावर विश्वास बसेना, त्यांनी निरोप आणणाऱ्या मुलीला वेडी ठरवले! सुटका मोठ्या विश्वासाच्या मोजमापाने मिळते म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर विचारात घ्यावा.

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासाने सिंहांची तोंडे बंद करणाऱ्यांची आणि तलवारीच्या धारेपासून बचावलेल्यांची यादी देतो, आणि मध्येच काहीही खंड न पाडता तलवारीने वधलेल्यांकडे वळतो. बचावलेले आणि न बचावलेले अशा दोघांनाही त्या अध्यायात विश्वासाचेच मानकरी म्हटले आहे.

धैर्याने मागण्याची भीती वाटते हे मी समजू शकतो. कदाचित मधल्या काळात मागणे आणि भाकीत यांची सरमिसळ झाली असावी. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांना मूर्तीला नमन न केल्याबद्दल नबुखद्नेस्सर राजाने भट्टीची धमकी दिली, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. आमचा देव आम्हांला सोडवण्यास समर्थ आहे ही पहिली, आणि तसे न झाले तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही ही दुसरी. देवाच्या सामर्थ्याविषयी त्यांना शंका नव्हती, पण तो काय करील हे त्यांनी त्याच्यावर सोडले. निकाल आधीच घोषित करण्यापेक्षा हे उत्तर अधिक धाडसी आहे, कारण ते दोन्ही निकालांनंतर टिकते. आमच्या मंडळ्यांत पहिले वाक्य मोठ्याने म्हटले जाते आणि दुसरे वाक्य अविश्वासाचे लक्षण समजून गिळले जाते, ही मला मोठी चूक वाटते. तुम्ही पुन्हा मागाल तेव्हा दोन्ही वाक्ये म्हणा. आणि एवढ्यात मागावेसे वाटत नसेल तर घाई करू नका.

पंडिता रमाबाईंना तारुण्यातच आई, वडील, भाऊ आणि पती यांचे मृत्यू पाहावे लागले, आणि आयुष्याच्या अखेरीस, 1921 मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा हीदेखील गेली. पुढच्या वर्षी, 1922 मध्ये, त्यांचे स्वतःचे निधन होईपर्यंत त्या शास्त्राच्या मराठी भाषांतराच्या कामात गुंतल्या होत्या. शोकात प्रत्येकाला गाता येतेच असे नाही. काहींची स्तुती हाती घेतलेले काम न सोडण्यातून होते, आणि ती कमी प्रतीची नसते.

प्रश्न : आमच्या तरुण संघात नेहमी सांगितले जाते की, स्तुतीत सामर्थ्य आहे. पौल आणि सीला यांनी स्तुती केली आणि तुरुंगाची दारे उघडली, यहोशाफाटाने गाणारे पुढे ठेवले आणि शत्रू पराभूत झाला. मग आम्ही स्तुती केली तर आमचीही दारे उघडतील का?

उत्तर : दारे देव उघडतो, स्तुती नाही. हा भेद न पाळल्यास स्तुतीचा मंत्र होतो, आणि मंत्र फळला नाही की तरुण मुले देवालाच सोडून जातात.

तुम्ही दिलेले दोन्ही प्रसंग पुन्हा वाचा. फिलिप्पै येथे पौल आणि सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकले होते. मध्यरात्री ते प्रार्थना करत आणि गीते गात होते आणि बंदिवान ऐकत होते. भूकंप होईल असे त्यांना ठाऊक होते याची कोठेही सूचना नाही. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. दारे उघडली, बंधने सुटली, आणि तरीही ते पळाले नाहीत. बंदिशाळेचा नायक तलवार उपसून स्वतःचा जीव घेणार होता, तेव्हा पौलाने ओरडून सांगितले की आम्ही सर्व येथेच आहोत. सुटण्यासाठी गाणारा माणूस दार उघडताच निघून गेला असता. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हाच पौल पुन्हा बंधनात आहे, आपल्या पहिल्या जबाबाच्या वेळी कोणीही बाजूला उभे राहिले नाही असे तो सांगतो, मागे ठेवलेला झगा आणि पुस्तके मागवतो. तेथे भूकंपाचा उल्लेख नाही. तरी त्या पत्राच्या शेवटी देवाला गौरव देणारे वाक्य आहेच.

यहोशाफाटाच्या कथेतही क्रम महत्त्वाचा आहे. आधी राजा घाबरला, त्याने सर्वांसमोर कबूल केले की आमच्यात बळ नाही आणि काय करावे ते आम्हांला सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. मग देवाचे वचन आले, आणि त्यानंतर गाणाऱ्यांना पुढे ठेवले गेले. तुमच्या संघात ही प्रार्थना शिकवली जाते का, हे मला विचारावेसे वाटते.

स्तुतीने काय होते, असा प्रश्न उरतोच. गाणाऱ्याच्या मनात बदल होऊ शकतो. 42व्या आणि 43व्या स्तोत्रांत मिळून तीन वेळा स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का खिन्न झालास, आणि त्याला देवाची आशा धरायला सांगतो. निराशा आपल्याशी दिवसभर बोलत असते, आणि स्तुतीच्या वेळी माणूस तिला उलट उत्तर देतो. हबक्कूक संदेष्ट्याचेही तसेच आहे. तीन अध्यायांच्या त्या पुस्तकाची सुरुवात, मी कोठवर ओरडू, या गाऱ्हाण्याने होते आणि शेवट स्तुतीने होतो, परंतु या दोहोंच्या दरम्यान खास्द्यांची (बाबेलच्या लोकांची) स्वारी टळलेली नाही. अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढरे आणि गुरे ही एकेक नावे घेऊन तो म्हणतो की यांतले काहीही उरले नाही तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. तो मोघम बोलत नाही, जे जे जाऊ शकते त्याची मोजदाद करतो. तुम्हीही आपल्या भीतीची अशी यादी करून मग गाणे म्हणून पाहा. ते गाणे वेगळे होईल.

प्रश्न : मला प्रार्थनाच करता येत नाही. शब्द येत नाहीत, झोप येत नाही, कशातच मन लागत नाही. मी विश्वासातून पडलो आहे का?

उत्तर : नाही. आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे, आणि ते तुमच्यासारख्यांसाठीच आहे. स्वतःचे शब्द नसतील तर उसने घ्या. 88वे स्तोत्र मोठ्याने वाचा. त्यात शेवटी उजेड येत नाही, ते अंधारातच संपते, तरीही शास्त्रात ते प्रार्थना म्हणून राखले गेले आहे. उपासनेला जाऊन नुसते बसलात तरी चालेल. इतर गातील आणि काही काळ तुमच्या वतीनेही गातील.

झोप न लागणे आणि कशातच मन न लागणे हे बराच काळ चालू असेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटा, आणि जगणे नकोसे वाटत असेल तर आजच जवळच्या कोणाला तरी ते सांगा. एलीया संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले आणि दोनदा खाऊ घातले. संभाषण नंतर झाले.

प्रश्न : देवावर पूर्ण भरवसा असेल तर औषध, कर्जफेडीची धडपड, कोर्टकचेरी हे सारे कशाला? हे अर्धवट विश्वासाचे लक्षण नव्हे का?

उत्तर : यरुशलेमचा तट बांधताना शत्रूंचा धोका होता तेव्हा नहेम्याने देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला, दोन्ही एकाच वचनात. आजारी हिज्कीया राजाला आयुष्य वाढवून देण्याचे अभिवचन मिळाल्यावरही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. कृपया औषध बंद करू नका, आणि कोणी बंद करायला सांगत असेल तर त्याचे ऐकू नका.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीवर मोठे संकट कोसळले आहे. तिला मी देवाची स्तुती करायला सांगावे का? काहीच बोलले नाही तर साक्ष देण्याची संधी जाईल असे वाटते.

उत्तर : स्वतःच्या दुःखात धैर्याने स्तुती करणे ही एक गोष्ट आहे आणि दुसऱ्याच्या दुःखात त्याला ती करायला लावणे ही अगदी वेगळी. पहिलीला विश्वास लागतो, दुसरीला पुष्कळदा काहीच लागत नाही. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात, खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी गाणाऱ्याची तुलना थंडीच्या दिवशी दुसऱ्याचे वस्त्र काढून घेणाऱ्याशी केली आहे. इतके स्पष्ट वचन असूनही आपण शोकाच्या घरात गाणी म्हणायची घाई का करतो हे मला अजून उमगलेले नाही.

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ भूमीवर गप्प बसले होते. तोपर्यंत ते चांगले मित्र होते. तुम्हीही जा, बसा, ती रडली तर रडा, बोलली तर ऐका. मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना तो पुन्हा जिवंत होणार हे ठाऊक असूनही येशू रडला, हे लक्षात असू द्या. घरातले एखादे काम अडले असेल तर न विचारता करून टाका. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. तुम्ही महिन्याने आणि सहा महिन्यांनीही जा. तिने स्वतःहून प्रार्थना करायला सांगितली तर थोडक्यात करा, आणि तिला गावेसे वाटले तर कोणते गीत ते तिलाच ठरवू द्या.